जुन्या कॅड सॉफ्टवेअरवर अंगठी घडवताना

दागिने घडवणाऱ्या कार्यशाळेत नमुन्यांचा साठा हीच खरी पुंजी असते. पूर्वी ही पुंजी रबराच्या साच्यांत आणि चांदीच्या मूळ नमुन्यांत असायची. पुढे ती हळूहळू संगणकातल्या फाइलींत गेली. मी ज्या कार्यशाळेत डिझाइनचे काम करते, तिथला बराचसा जुना साठा अशा एका कॅड, म्हणजे संगणकावर आकृती घडवण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये आहे, ज्याची विक्री आणि देखभाल केव्हाच थांबली आहे आणि ज्याच्या मूळ फाइली आमच्याकडचे दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर उघडत नाही. एखाद्या जुन्या अंगठीचे माप बदलायचे असले, हिऱ्याऐवजी मोठा खडा बसवायचा असला किंवा हरवलेल्या साच्याचा नमुना पुन्हा काढायचा असला, की त्या सॉफ्टवेअरपुढे बसण्यावाचून इलाज नसतो. हे काम माझ्याकडे आले तेव्हा मी नव्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरवर सरावलेली होते, त्यामुळे प्रत्येक पायरीवर दोन पद्धतींतला फरक मला स्पष्ट जाणवत गेला.

सुरुवात यंत्रापासूनच करावी लागली. सॉफ्टवेअर ज्या संगणकावर चालते त्यावर विंडोज एक्सपी आहे. या प्रणालीचा आधार, म्हणजे सुरक्षेची नवी अद्यतने, मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी थांबवला, म्हणून तो संगणक कोणत्याही नेटवर्कला जोडलेला नाही आणि जोडूही नये. परवान्याची खूण म्हणून मागच्या बाजूला 25 पिनांच्या पॅरलल पोर्टमध्ये एक डोंगल बसवलेले असते. ते काढले की सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. नव्या मदरबोर्डवर हे पोर्ट सहसा नसते, आणि बाजारात मिळणारे यूएसबीचे रूपांतरक बहुतेक वेळा फक्त प्रिंटरपुरते बनवलेले असल्यामुळे डोंगलला ते चालत नाहीत. त्यासाठी पॅरलल पोर्टचे वेगळे कार्ड संगणकाच्या आत बसवावे लागते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी उतरली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि तारीख तपासणारा परवाना तेवढ्यावरून काम थांबवतो. या बारीकसारीक गोष्टी डिझाइनशी संबंधित नाहीत असे वाटेल, पण सगळा साठा त्यांच्यावर उभा आहे, म्हणून हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत आणि एक जादा कार्ड बाजूला ठेवल्याशिवाय मी एकाही फाइलीला हात लावला नाही.

सॉफ्टवेअर बंद पडणे ही या व्यवसायात अपवादाची गोष्ट नाही. दागिन्यांवरच्या उठावदार नक्षीसाठी नावाजलेले आर्टकॅम डेलकॅम या कंपनीचे होते. 2014 मध्ये डेलकॅम ऑटोडेस्ककडे गेली, 2018 मध्ये आर्टकॅम बंद झाले आणि त्याच तंत्रावर पुढे कार्व्हेको उभे राहिले. याउलट 1998 मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या ऱ्हायनो या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल-पद्धत तिच्या निर्मात्यांनी ओपननर्ब्ज या नावाने सर्वांना खुली केली, त्यामुळे त्या जुन्या फाइली आजही निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतात. सॉफ्टवेअर निवडताना आपण त्याची साधने पाहतो. माझ्या मते त्याच्या फाइली दुसरीकडे वाचता येतील का, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे.

पडद्यावर चार खिडक्या असतात: वरून, समोरून, बाजूने आणि तिरकस. आकृती सहसा तारांच्या जाळीच्या रूपात दिसते, कारण छायेसह दाखवायला यंत्राला वेळ लागतो. जाळीत पुढचा भाग कोणता आणि मागचा कोणता हे चटकन उमगत नाही, त्यामुळे नजर बसेपर्यंत चारही खिडक्या एकत्र वाचण्याची सवय लावून घ्यावी लागते. या सवयीचा एक फायदा मला लवकरच दिसला. छायेसह, चकाकत्या सोन्याच्या रंगात फिरणारी अंगठी पाहताना डोळा रूपावर जातो आणि जाडी, उंची, अंतर यांकडे दुर्लक्ष होते. जाळीत मात्र मापांखेरीज पाहण्यासारखे काही नसते.

खरा फरक काम करण्याच्या क्रमात आहे. नव्या पद्धतीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कृतीची नोंद राहते, आणि मागे जाऊन बोटाचे माप बदलले की शँक (बोटाभोवतीची कडी), कोंदण (खड्याचे घर), प्रॉन्ग (खडा धरणाऱ्या नख्या) सगळे आपोआप नव्या मापाला जुळते. इथे तशी सोय नाही. एक आकार दुसऱ्यातून वजा केला की दोन्ही मूळ आकार संपले, आणि मागे जाण्याच्या पायऱ्याही मोजक्याच. त्यामुळे पहिली रेषा काढण्याआधीच अंगठीची सगळी मापे कागदावर मांडून घ्यावी लागतात.

एक उदाहरण सविस्तर सांगते. अमेरिकी मापपद्धतीतल्या 7 नंबरच्या अंगठीचा आतला व्यास सुमारे 17.3 मिलिमीटर असतो, म्हणजे त्रिज्या 8.65. तिच्यावर 6.5 मिलिमीटर व्यासाचा, साधारण एक कॅरटचा गोल हिरा बसवायचा आहे. गोल पैलूच्या हिऱ्यात गर्डलच्या, म्हणजे कडेच्या, खालचा निमुळता भाग व्यासाच्या साधारण 43 टक्के खोल असतो. इथे तो 2.8 मिलिमीटर झाला. हिऱ्याचे टोक बोटाला लागू नये म्हणून आतल्या वर्तुळापासून 0.7 मिलिमीटर मोकळे सोडले, तर गर्डल अंगठीच्या केंद्रापासून निदान 12.15 मिलिमीटर उंचीवर आली पाहिजे. हा एक आकडा ठरला की कोंदणाची उंची, शँक खांद्यापाशी, म्हणजे कोंदणाजवळ, किती चढवायची आणि बाजूने पाहताना अंगठीचा घाट कसा दिसेल, हे सगळे त्याच्यामागून येते. हा आकडा आधी न काढता रेषा ओढायला बसणे या सॉफ्टवेअरमध्ये परवडतच नाही.

त्यानंतर बोटाचे वर्तुळ, बाजूची रूपरेषा आणि शँकचा छेद एवढ्या रेषा काढायच्या आणि तो छेद दोन मार्गरेषांवरून फिरवून पृष्ठभाग तयार करायचा. छेद तळाशी अरुंद आणि खांद्यापाशी रुंद हवा असेल तर तीन-चार छेद निरनिराळ्या जागी ठेवावे लागतात, आणि प्रत्येकातले नियंत्रणबिंदू, म्हणजे रेषेला वळण देणारे बिंदू, संख्येने सारखे असावे लागतात. तसे नसतील तर पृष्ठभागाला पीळ पडतो, जो जाळीत जेमतेम दिसतो आणि पॉलिश केलेल्या धातूवर मात्र प्रकाशाच्या वाकड्या रेघेतून लगेच उघडा पडतो. प्रॉन्गच्या बाबतीत आमच्याकडे खडे बसवणाऱ्या ज्येष्ठ कारागिरांचा शब्द मी प्रमाण मानते. ते म्हणाले, “ताई, गर्डलच्या वर प्रॉन्ग भरपूर ठेवा, जास्तीचा मी कापून घेईन, आणि जाडी कानस-पॉलिशनंतर किती उरेल ते धरून काढा.” म्हणून 6.5 मिलिमीटरच्या खड्याला मी प्रॉन्गची जाडी एक मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. पडद्यावर मोठे करून पाहिले की 0.3 मिलिमीटरची तारही खांबासारखी जाड दिसते; अधूनमधून आकृती कागदावर एकास एक प्रमाणात छापून पाहणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

खड्यांच्या बैठका कोरण्याचे, म्हणजे वजाबाकीचे काम अगदी शेवटी करायचे आणि त्याआधीची फाइल वेगळ्या नावाने राखून ठेवायची. शिवाय ज्या रेषांवरून पृष्ठभाग झाला त्या कधीही पुसायच्या नाहीत. त्या वेगळ्या थरावर लपवून ठेवायच्या. हा नियम मला कोणी सांगितला नाही, तो जुन्या फाइलींनीच शिकवला. ज्या फाइलींत माझ्याआधीच्या डिझायनरांनी रेषा राखल्या होत्या, त्यांत लपवलेला थर उघडताच अंगठीचा सगळा विचार समोर येतो: उंची कुठून धरली, खांद्याचा बाक कोणत्या बिंदूने सांभाळला, दोन बाजू आरशातल्या प्रतिमेने केल्या की स्वतंत्र काढल्या. जिथे फक्त शेवटचा आकार उरला आहे, तिथे हे सगळे मापांवरून उलटे शोधून काढावे लागते.

अशा उलट्या शोधात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो तो आकुंचनाचा. मेणाचा नमुना, साचा आणि ओतलेला धातू यांत आकार थोडा आक्रसतो, म्हणून मूळ नमुना तेवढा मोठा करावा लागतो. छापलेल्या किंवा कोरलेल्या मेणापासून थेट कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतकाम, असेल तर ही वाढ बहुधा कमी असते आणि मध्ये रबराचा साचा आला तर जास्त. नेमका आकडा प्रत्येक कार्यशाळेला आपापल्या साहित्यावर आणि यंत्रांवर मोजूनच ठरवावा लागतो. जुन्या फाइलींत काही नमुने खऱ्या मापात असतात, काही आधीच वाढवून ठेवलेले असतात आणि फाइलीच्या नावावरून ते कळत नाही. यासाठी मी दोन मापे घेते. एका अंगठीचा आतला व्यास 17.65 मिलिमीटर भरला. पूर्ण आणि अर्ध्या नंबरांच्या कोष्टकात हे माप नाही. खड्याच्या बैठकीचा व्यास 6.63 भरला, 6.5 हे रुळलेले माप आहे, 6.63 नाही. 17.65 ला 17.3 ने भागले आणि 6.63 ला 6.5 ने भागले, तर दोन्हीकडे 1.02 हेच गुणोत्तर येते. दोन स्वतंत्र मापे एकच आकडा सांगत आहेत, म्हणजे हा नमुना दोन टक्क्यांच्या आकुंचनासाठी वाढवलेला आहे, याबद्दल शंका उरत नाही.

ही खात्री न करता पुढे गेले तर वजनाचा अंदाजही फसतो. सॉफ्टवेअर घनफळ सांगते, त्याला धातूच्या घनतेने गुणले की वजन मिळते: 380 घन मिलिमीटरची अंगठी 18 कॅरट पिवळ्या सोन्यात, घनता 15.5 धरून, सुमारे 5.9 ग्रॅमची होते आणि स्टर्लिंग चांदीत, घनता 10.36 धरून, 3.9 ग्रॅमची. पण लांबीत दोन टक्के वाढ असेल तर घनफळात ती सहा टक्क्यांच्या वर जाते, आणि सोन्याच्या हिशेबात सहा टक्के ही फार मोठी चूक आहे.

माप बदलण्याचे कामही यामुळेच सावधपणे करावे लागते. 7 नंबरवरून 8 नंबरवर जायचे म्हणजे आतला व्यास सुमारे 0.81 मिलिमीटरने वाढवायचा. सबंध अंगठी त्या प्रमाणात मोठी केली, तर 6.5 ची बैठक 6.8 होते आणि खडा सैल पडतो. त्यामुळे कोंदण जसेच्या तसे ठेवून केंद्रापासून 0.4 मिलिमीटर वर सरकवायचे आणि शँक नव्या वर्तुळावर पुन्हा काढायची. रेषा राखलेल्या असतील तर हे काम चटकन होते. नसतील तर शँक जवळजवळ नव्यानेच घडवावी लागते.

यापुढचा टप्पा मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा ठरला. तयार आकृती थ्रीडी प्रिंटरवर द्यायची तर तिचा पृष्ठभाग सगळीकडून बंद असावा लागतो. जुन्या फाइलींत तसे फारच कमी वेळा आढळते. शँक कोंदणात नुसती घुसवलेली, प्रॉन्ग शँकमध्ये अर्धवट बुडालेले, आणि आतल्या बाजूला कडा उसवलेल्या कपड्यासारख्या सुट्या. आधी हे निष्काळजीपणाचे काम वाटले, पण कारण वेगळे होते. हे नमुने संगणकाच्या आज्ञांवर मेण कोरणाऱ्या सीएनसी यंत्रासाठी बनवलेले होते. कोरणीचे हत्यार फक्त बाहेरच्या पृष्ठभागावरून फिरते. आत दोन आकार एकमेकांत शिरले आहेत की जोडलेले आहेत, याचे त्याला काहीच देणेघेणे नसते. प्रिंटरचे सॉफ्टवेअर मात्र आकृतीचे आडवे थर कापते आणि प्रत्येक थरात आत काय, बाहेर काय हे ठरवते. दोन आकार एकावर एक आले तर ती जागा काही वेळा पोकळ धरली जाते. जे एका यंत्रासाठी पुरेसे होते ते दुसऱ्यासाठी अपुरे ठरते, त्यात मूळ डिझायनरांचा दोष नाही.

याच कारणाने जुन्या नमुन्यांचा घाटही वेगळा दिसतो. कोरणीचे हत्यार जिथे पोहोचत नाही तिथे, म्हणजे कोंदणाच्या खालच्या जाळीत किंवा आतून वळणाऱ्या वेलीत, नमुना दोन भागांत करून नंतर टाका लावून जोडला जाई. पडद्यावर शेजारी शेजारी सुटे पडलेले ते भाग पाहिले की एखाद्या डिझायनराने यंत्राची मर्यादा किती बारकाईने ध्यानात घेतली होती ते कळते. आज प्रिंटरवर ते एकसंध निघू शकतात, तरी मी काही नमुने मुद्दाम दोन भागांतच ठेवले आहेत, कारण जोडण्याआधी आतली बाजू पॉलिश करता येते आणि ती चमक एकसंध कास्टिंगमध्ये येत नाही.

आकृती बाहेर काढण्याच्या माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एसटीएल ही 1987 पासूनची फाइल-पद्धत फक्त त्रिकोण लिहिते. तिच्यात वक्ररेषा नसतात आणि मापाचे एककही नसते. त्यामुळे दुसऱ्या सॉफ्टवेअरने आकडे इंच समजून घेतले तर अंगठी 25.4 पट मोठी होते. त्रिकोण किती बारीक करायचे हेही आपणच ठरवायचे असते. 8.65 त्रिज्येचे वर्तुळ 36 सरळ तुकड्यांनी केले तर खऱ्या वर्तुळापासूनचे अंतर 0.033 मिलिमीटरपर्यंत जाते, जे प्रिंटरच्या 25 मायक्रॉनच्या, म्हणजे 0.025 मिलिमीटरच्या, एका थरापेक्षा जास्त आहे आणि पॉलिशनंतर पैलूंसारखे दिसते. तुकडे 72 केले की अंतर चौथ्या हिश्शावर, 0.008 वर येते. दुसरीकडे, प्रत्येक त्रिकोणाला 50 बाइट लागत असल्याने दहा लाख त्रिकोणांची फाइल सुमारे 50 एमबीची होते, आणि ती लिहिताना जुने यंत्र बराच वेळ गप्प बसते. दुसरी वाट आयजीईएस या फाइल-पद्धतीची. तिच्यातून रेषा आणि वक्रपृष्ठे जवळपास मूळ रूपात जातात आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्यावर पुढचे काम करता येते, पण कापलेल्या पृष्ठांच्या कडा अनेकदा जुळत नाहीत आणि त्या हाताने जोडाव्या लागतात. पुढे बदल करायचा असलेला नमुना मी आयजीईएसनेच नेते. जसाच्या तसा छापायचा असेल तर एसटीएल पुरते. कोणत्याही वाटेने नेला तरी आतला व्यास, बैठकीचा व्यास आणि, आकार बंद असेल तर, घनफळ ही तीन मापे दोन्हीकडे जुळल्याशिवाय तो नमुना नव्या सॉफ्टवेअरमध्ये नीट हलवला गेला असे मी मानत नाही.

सर्वांत अवघड ठरतात ते बारीक हिऱ्यांनी भरलेले पावे नमुने. 32-बिट विंडोजवर एका प्रोग्रामला साधारणपणे 2 जीबीपेक्षा जास्त मेमरी मिळत नाही. गोल हिऱ्याला 57 पैलू असतात. असे शेकडो हिरे, त्यांच्या बैठका आणि त्यांच्यामधले, हिरे धरून ठेवणारे धातूचे चिमुकले मणी एकाच फाइलीत आले की वजाबाकी अर्ध्यावर थांबते आणि सॉफ्टवेअर बंद पडते. मूळ डिझायनरांनी हिऱ्यांच्या जागी साधे शंकू ठेवून ही अडचण पार केली होती, आणि मीही तेच करते: अंगठीचे तीन-चार भाग पाडून प्रत्येक भाग स्वतंत्र कोरते आणि शेवटी जोडते. तरीही काही रुंद नमुने या वाटेने बाहेर येत नाहीत. त्यांच्या बाबतीत मी फक्त रेषा आणि हिऱ्यांचे मध्यबिंदू नेते आणि पावे नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा मांडते. दोन हिऱ्यांमधले अंतर मूळ नमुन्यात होते तेवढेच ठेवते, कारण त्यावरच खडे बसवणाऱ्याला मण्यासाठी धातू मिळणार की नाही हे अवलंबून असते.

हलवलेल्या प्रत्येक नमुन्यासोबत आता एक साधी मजकूर-फाइल असते. तिच्यात मापाचा नंबर, आकुंचनाची वाढ धरलेली आहे की नाही आणि किती, खड्यांची मापे, केंद्रापासून गर्डलची उंची आणि नमुना कोणत्या यंत्रासाठी बनला होता, एवढे लिहिलेले असते. ही फाइल कोणत्याही संगणकावर उघडते. पावेचे उरलेले नमुने अजून जुन्याच यंत्रावर आहेत. मागणी येईल त्या क्रमाने ते एकेक करून हलवायचे, असे आम्ही ठरवले आहे.